नव्या कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर कसे न्यायचे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून घरांत, दुकानांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत जुने पीसी बदलायचे काम चालू आहे. फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइली, टॅलीचा डेटा लोक आठवणीने पेनड्राइव्हवर घेतात. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर मात्र मागे राहतात, कारण डेस्कटॉपवर ते कुठे दिसत नाहीत. जुने मशीन एक्स्चेंजमध्ये देऊन झाल्यावर कुणाला तरी मेल लिहायला बसावे आणि नावच येऊ नये, तेव्हा त्यांची आठवण होते.

जुन्या पीसीवर आउटलुक आहे, धंद्याच्या नावाचा ईमेल आहे आणि कित्येक वर्षांची नावे-पत्ते त्यात साठले आहेत, अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून हे लिहिले आहे. गूगल, थंडरबर्ड (मोफत मिळणारा मेलचा प्रोग्रॅम) आणि मॅकचेही पुढे येईल, पण थोडक्यात. तिथे अडचणी कमी. मेनूंची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

## आधी शोधा: डेटा राहतो कुठे?

कॉपी करायची घाई करू नका. तुमची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर आहे की तुमच्याच हार्ड डिस्कवर, हे कळले की निम्मे काम झाले. सर्व्हरवर असेल तर नव्या पीसीवर लॉग इन करायचे आणि चहा होईपर्यंत थांबायचे, एवढेच. हार्ड डिस्कवर असेल तर ती तुम्हालाच उचलून न्यावी लागेल.

जुन्या पीसीवर आउटलुक उघडा. फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, आणि त्यात पुन्हा अकाउंट सेटिंग्ज. उघडलेल्या खिडकीत ईमेल या टॅबखाली प्रत्येक खात्यापुढे त्याचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचा.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज असे लिहिलेले दिसले, म्हणजे खाते मायक्रोसॉफ्ट ३६५ चे, आउटलुक डॉट कॉमचे किंवा ऑफिसच्या एक्स्चेंज सर्व्हरवरचे आहे. त्याचे कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळे सर्व्हरवर आहे. पीसीवर त्याची ओएसटी नावाची फाइल असते, पण ती नुसती छाया आहे. ती उचलून नव्या मशीनवर ठेवून उपयोग नाही. नव्या पीसीवर खाते जोडले की ती आपोआप पुन्हा तयार होते.

पॉप असे लिहिलेले असेल तर मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळे तुमच्याच डिस्कवर पीएसटी फाइलीत आहे. आउटलुक २०१० पासून ही फाइल सहसा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते. नेमकी जागा त्याच खिडकीतल्या डेटा फाइल्स या टॅबखाली दिसते.

तिसरा प्रकार आयमॅप, आणि खरी फसगत इथे होते. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतात, त्यामुळे नव्या पीसीवर खाते जोडताच सगळे मेल दिसू लागतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण आयमॅप ही फक्त मेलची व्यवस्था आहे. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर तिच्यातून जातच नाहीत. आउटलुक त्या फोल्डरांच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असे लिहूनही ठेवते. ते कुणी वाचत नाही. छोट्या धंद्यांचे ईमेल बहुतेक वेळा आयमॅप नाहीतर पॉपवर चालतात, म्हणून हा टॅब पाहिल्याशिवाय जुन्या मशीनला हात लावू नका.

## सुचणारे नाव म्हणजे कॉन्टॅक्ट नव्हे

मेलच्या टू या चौकटीत दोन अक्षरे टाइप केली की आउटलुक पूर्ण पत्ता सुचवते. अनेकांना वाटते, हेच आपले कॉन्टॅक्ट. तसे नाही. पूर्वी ज्यांना मेल पाठवले त्यांची ती वेगळी यादी असते, आणि आपण खाली पाहणार आहोत त्या पद्धतीने डेटा काढला तर ती बरोबर येत नाही.

उपाय जुन्याच पीसीवर करायचा. आउटलुकमध्ये पीपल उघडा आणि पाहा, तिथे खरोखर किती नावे आहेत. रोजच्या कामातली माणसे तिथे नसतील तर त्यांचे जुने मेल उघडा, पत्त्यावर राइट क्लिक करा आणि ॲड टू आउटलुक कॉन्टॅक्ट्स दाबा. कंटाळवाणे काम आहे, पण कामाची माणसे फार नसतात.

जीमेलमध्येही हाच प्रकार आहे. तिथे अदर कॉन्टॅक्ट्स नावाची वेगळी यादी असते आणि कॉन्टॅक्ट्स एक्स्पोर्ट करताना ती आपोआप त्यात धरली जात नाही. थंडरबर्ड अशाच पत्त्यांना कलेक्टेड ॲड्रेसेस म्हणतो.

## आउटलुकमधून पीएसटी काढणे

जुन्या आउटलुकमधून नव्या आउटलुकमध्ये जायचे असेल तर पीएसटीसारखा दुसरा सोपा मार्ग नाही. सीएसव्हीच्या, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलीच्या, वाटेला जाऊ नका. तिच्यात कॉन्टॅक्टचे फोटो जात नाहीत, ग्रुप जात नाहीत, आणि देवनागरी नावांचे काय होते ते पुढे सांगतो.

१. आउटलुकमध्ये फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट.

२. एक्स्पोर्ट टू अ फाइल निवडा, मग आउटलुक डेटा फाइल.

३. आता फोल्डर विचारेल. सगळेच न्यायचे असेल तर सगळ्यात वरचे, खात्याचे नाव निवडा आणि इन्क्लूड सबफोल्डर्सवर टिक करा. मेल सर्व्हरवर आहेत आणि फक्त कॉन्टॅक्ट-कॅलेंडर हवे आहे, असे असेल तर आधी कॉन्टॅक्ट्स फोल्डर निवडून एक फाइल करा आणि मग हेच सगळे पुन्हा करून कॅलेंडरची दुसरी. फाइल लहान राहते.

४. ब्राउज दाबून फाइल कुठे ठेवायची ते सांगा. नाव ओळखू येईल असे द्या आणि नावात तारीख घाला.

५. पासवर्ड विचारेल. रिकामा सोडला तरी चालतो. पीएसटीचा पासवर्ड काही भक्कम कुलूप नव्हे, आणि विसरलात तर उगाच खोळंबा.

६. काम संपल्यावर आउटलुक पूर्ण बंद करा आणि मगच फाइल पेनड्राइव्हवर घ्या. आउटलुक उघडे असताना कॉपी केली तर 'फाइल वापरात आहे' असा संदेश येतो.

एक गोष्ट तपासा. पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर नाही ना? विंडोज हल्ली डॉक्युमेंट्स फोल्डरच वनड्राइव्हमध्ये हलवते आणि आउटलुक फाइल्सही त्याबरोबर जाते. चालू पीएसटी तिथे असली की सिंक अडकते. काढलेली प्रत थेट पेनड्राइव्हवर किंवा सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

## नव्या पीसीवर उतरवणे

विंडोज ११ च्या नव्या मशीनवर आउटलुक आधीच असते, पण ते नवे आउटलुक. जुने मेल आणि कॅलेंडर ॲप ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद करून मायक्रोसॉफ्टने त्यांच्या जागी हे आणले. दिसायला नेटके आहे, पण पीएसटी आत घेण्याच्या कामात त्याच्यावर विसंबू नका. ऑफिसबरोबर येणारे क्लासिक आउटलुक लागते. स्टार्टमध्ये आउटलुक शोधा आणि क्लासिक असे लिहिलेले उघडा. क्लासिक उघडल्यावर वर उजवीकडे ट्राय द न्यू आउटलुक असे बटण दिसेल. निदान हे काम होईपर्यंत त्याला हात लावू नका.

आधी ईमेल खाते जोडा, मेल येऊ द्या, आणि मगच इम्पोर्टला हात घाला. क्रम उलटा झाला तर दोन-दोन कॉन्टॅक्ट फोल्डर होतात आणि कुठले खरे ते कळेनासे होते.

फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट, या वेळी इम्पोर्ट फ्रॉम अनदर प्रोग्रॅम ऑर फाइल, मग आउटलुक डेटा फाइल. पेनड्राइव्हवरची फाइल आधी पीसीवर उतरवून घ्या आणि ती निवडा. डुप्लिकेटबद्दल विचारेल तेव्हा डू नॉट इम्पोर्ट डुप्लिकेट्स. शेवटच्या पानावर इम्पोर्ट आयटम्स इन्टू द सेम फोल्डर इन असे असते. तिथे आत्ता जोडलेले खाते निवडा.

काही जण इम्पोर्ट न करता ओपन आउटलुक डेटा फाइलने पीएसटी नुसती उघडतात. डावीकडे सगळे दिसते, पण मेल लिहिताना नावे येत नाहीत. त्या कॉन्टॅक्ट फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, आउटलुक ॲड्रेस बुक या टॅबमध्ये शो धिस फोल्डर ॲज ॲन ईमेल ॲड्रेस बुक यावर टिक केली की येऊ लागतात. तरीही इम्पोर्टच बरे. उघडी पीएसटी कधीतरी चुकून हलते किंवा डिलीट होते आणि तिच्याबरोबर सगळेच जाते.

कॅलेंडर उतरताच जुन्या अपॉइंटमेंटचे रिमाइंडर एकदम उसळून येतील. घाबरू नका, डिसमिस ऑल दाबा. रंगांच्या कॅटेगरींची नावे येतात, रंग कधीकधी येत नाहीत. ते पुन्हा द्यावे लागतात. आणि एक इशारा: तुम्ही बोलावलेली जुनी मीटिंग साफसफाईच्या नादात डिलीट केली तर आउटलुक बाकीच्यांना रद्द झाल्याचा मेल पाठवू का, असे विचारते. नको म्हणा. नाहीतर मागच्या वर्षीची बैठक रद्द झाल्याचे फोन यायला लागतील.

## गूगलवर हलवायचे असेल तर

आयमॅपवाल्यांना माझे मत विचाराल तर कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर या निमित्ताने एकदाच एखाद्या ऑनलाइन खात्यावर न्यावे, मग ते गूगल असो की मायक्रोसॉफ्ट. पुढच्या वेळी पीसी बदलताना हे सगळे करावे लागत नाही, आणि फोनवरही तेच दिसते. कुणाला आपली माहिती मोठ्या कंपनीकडे द्यायची नसते; त्यांनी वरच्या पीएसटीवरच थांबावे, ती वाटही धड आहे.

गूगलला पीएसटी कळत नाही. त्याला कॉन्टॅक्ट सीएसव्ही किंवा व्हीकार्डमध्ये लागतात. व्हीकार्डच्या फाइलीचे शेपूट व्हीसीएफ असते. कॅलेंडर आयसीएस फाइलीत. व्हीकार्ड आणि आयसीएस कुठल्याही एका कंपनीचे नाहीत, म्हणून फोन, मॅक, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतात.

कॉन्टॅक्टसाठी आउटलुकच्या एक्स्पोर्टमध्ये पीएसटीऐवजी कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज निवडा आणि कॉन्टॅक्ट्स फोल्डर द्या. मग ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडून डावीकडे इम्पोर्ट. एका वेळी ३,००० पर्यंत कॉन्टॅक्ट जातात. आत आलेल्या नावांना गूगल त्या दिवसाच्या तारखेचे लेबल लावते, त्यामुळे काय नवे आले ते वेगळे ओळखता येते. घोळ झाला तर सेटिंग्जच्या चाकाखाली अंडू चेंजेस आहे. मागच्या ३० दिवसांतल्या हव्या त्या वेळेवर सगळी यादी परत नेता येते. ही सोय आउटलुकमध्ये नाही. दोनदा आलेली नावे मर्ज अँड फिक्समध्ये जोडता येतात, पण तिथे मर्ज ऑल दाबायच्या आधी यादीवर नजर फिरवा. एकाच नावाचे दोन पाटील एकमेकांत मिसळले की वेगळे करणे जड जाते.

कॅलेंडरसाठी आउटलुकमध्ये कॅलेंडर उघडून फाइल, सेव्ह कॅलेंडर. खाली मोअर ऑप्शन्स दाबायला विसरू नका: डेट रेंजमध्ये होल कॅलेंडर, डीटेलमध्ये फुल डीटेल्स. ते न दाबता पुढे गेलात तर मोजक्याच दिवसांच्या नोंदी हाती येण्याची शक्यता असते.

आता गूगल कॅलेंडर. इम्पोर्ट फोनवरच्या ॲपमधून होत नाही, कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधूनच करावे लागते. सरळ इम्पोर्टला जाण्याआधी सेटिंग्जमधून एक नवे, रिकामे कॅलेंडर तयार करा. त्याला 'जुने आउटलुक' असे काहीतरी नाव द्या आणि इम्पोर्ट अँड एक्स्पोर्टमध्ये फाइल निवडल्यावर ॲड टू कॅलेंडरपुढे तेच निवडा. वेळा चुकल्या, नोंदी दोनदा आल्या, काहीही बिनसले तर ते अख्खे कॅलेंडर डिलीट करून पुन्हा सुरुवात करता येते. मुख्य कॅलेंडरात शेकडो नोंदी मिसळल्या तर त्या हाताने निवडत बसावे लागते.

गूगल १ एमबीपेक्षा मोठी आयसीएस घेत नाही. तुमची फाइल मोठी असेल तर डेट रेंजमध्ये वर्षावर्षाचे तुकडे पाडा. किंवा स्वतःला विचारा, २०१४ मधल्या डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटचे नक्की काय करायचे आहे? मागची दोन वर्षे आणि पुढचे सगळे, एवढे पुष्कळांना पुरते. जुने पीएसटीत पडलेले असतेच.

## देवनागरी नावे आणि एक्सेलची करामत

मराठी माणसाच्या यादीची खरी परीक्षा इथे होते. नावे देवनागरीत लिहिलेली असतील तर काढलेली फाइल पुढे पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून पाहा. एक्सेलमध्ये नाही, नोटपॅडमध्ये. तिथे चारपैकी एक दृश्य दिसेल.

नावे नीट वाचता येत असतील तर प्रश्नच मिटला.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर त्या फाइलीतले नाव गेले. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्या सीएसव्ही काढताना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत, वापरत नाहीत, न समजलेल्या प्रत्येक अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह टाकून मोकळ्या होतात. त्या फाइलीतून ते अक्षर आता कुठल्याही युक्तीने परत येणार नाही. मूळ नाव आउटलुकमध्ये शाबूत आहे, ती फाइल फेकून द्या. वेगळी वाट अशी: त्याच आउटलुकमध्ये एखादे आउटलुक डॉट कॉमचे मोफत खाते जोडा, जुने कॉन्टॅक्ट निवडून त्या खात्याच्या कॉन्टॅक्ट फोल्डरमध्ये कॉपी करा, ते वेबवर दिसू लागले की तिथूनच सीएसव्ही एक्स्पोर्ट करा. तीही नोटपॅडमध्ये पाहा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि मध्ये विचित्र चिन्हे असतील, तर फाइल चांगली आहे, उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ती चुकीच्या पद्धतीने वाचली आहे. उघडताना यूटीएफ-८ (फाइलीत युनिकोड लिहिण्याची रीत) निवडले की नावे जागच्या जागी येतात. असे दिसत असताना सेव्ह मात्र करू नका.

चौथे दृश्य फोनमधून काढलेल्या व्हीकार्डमध्ये भेटते: बरोबरचे चिन्ह, मग इंग्रजी ई आणि शून्य, पुन्हा बरोबरचे चिन्ह, ए आणि चार, असे लांबलचक. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या आवृत्तीत इंग्रजी सोडून इतर लिपी अशाच गुंडाळून ठेवतात. डेटा पूर्ण आहे. गूगल कॉन्टॅक्ट्सला ती फाइल दिली की तो गुंडाळा उलगडून नावे दाखवतो.

या सगळ्याहून निराळी गोष्ट जुन्या फॉन्टची. सोसायटीच्या सभासदांची किंवा मंडळाच्या वर्गणीदारांची यादी वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या फॉन्टमध्ये एक्सेलवर टाइप केलेली असते. नव्या पीसीवर तो फॉन्ट नसतो आणि यादी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. ही फाइल बिघडलेली नाही. त्या पद्धतीत मराठी अक्षर मुळात साठवलेलेच नसते. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती दाखवणारा फॉन्ट तेवढा असतो. जुना फॉन्ट नव्या पीसीवर टाकला तर यादी वाचता येईल, पण ती नावे फोनवर किंवा गूगलवर कधीच नीट दिसणार नाहीत. त्यासाठी युनिकोडमध्ये बदलावीच लागतील, आणि बदलल्यावर रफार, जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी यांवरून एकदा नजर फिरवावी लागेल. 'र्व'चे 'वर्' झालेले तिथेच सापडते.

आता आकडे. सीएसव्हीवर डबल क्लिक केले की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि एक्सेल तुम्हाला न विचारता फोन नंबरला संख्या समजतो. पुण्याचा ०२०, नाशिकचा ०२५३, पणजीचा ०८३२ यांतले पुढचे शून्य उडते. +९१ मधले अधिक चिन्ह जाते. ९१ धरून बारा आकडी झालेला मोबाइल नंबर ९.१९ई+११ अशा रूपात दिसू लागतो, आणि त्या अवस्थेत फाइल सेव्ह केली तर खरा नंबर पुसला जातो. शेकडो लोकांचे नंबर एकसारखे झालेले दिसले तर समजा, कुणीतरी मध्ये एक्सेल उघडून सेव्ह केले आहे.

म्हणून यादीत बदल करायचेच असतील तर लिबरऑफिस कॅल्क वापरा. सीएसव्ही उघडताना तो स्वतःच विचारतो: कॅरेक्टर सेटमध्ये यूटीएफ-८ निवडा, खाली नंबरांच्या कॉलमवर क्लिक करून त्याचा प्रकार टेक्स्ट करा. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करताना कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स या पर्यायावरची टिक काढा. एक्सेलच हवे असेल तर डबल क्लिक न करता डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही या वाटेने उघडा, डेटा टाइप डिटेक्शनपुढे डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स निवडा आणि सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा.

याच बैठकीत सगळ्या नंबरांना +९१ लावून घेतले तर उत्तम. लँडलाइनला +९१ नंतर शून्य नको: +९१ २० आणि पुढचा नंबर. परदेशातल्या नातेवाइकांना हीच यादी पाठवली तर त्यांनाही ती चालते.

## कॅलेंडरच्या वेळा, वाढदिवस आणि तिथ्या

नवा पीसी कधीकधी अमेरिकेच्या वेळेवर लावलेला येतो. इम्पोर्ट करण्याआधी विंडोजच्या टाइम अँड लँग्वेजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली या नावांचा, साडेपाच तास पुढचा टाइम झोन आहे ना, ते पाहा. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन वेगळा असतो, तोही पाहा. सगळ्या नोंदी सारख्याच तासांनी सरकलेल्या दिसल्या, किंवा दिवसभराची नोंद दोन दिवसांवर पसरली, तर एकेक दुरुस्त करत बसू नका, झोन बदला.

कॅलेंडर सीएसव्हीत न नेता आयसीएसमध्येच न्यावे, त्याचे कारणही हेच. आयसीएस प्रत्येक नोंदीचा टाइम झोन आणि दर आठवड्याला, दर महिन्याला येण्याचा नियम बरोबर नेते. न्यू जर्सीतल्या ऑफिसशी तुमचा दर सोमवारचा कॉल असेल तर उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा. आयसीएसमध्ये तो सांभाळला जातो. सीएसव्हीत वेळ नुसता आकडा म्हणून जाते. शिवाय तारखेचा घोळ वेगळा. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, त्यामुळे ५ एप्रिल आरामात ४ मे होतो, आणि बारा तारखेच्या पुढच्याच चुका लक्षात येतात.

वाढदिवस दोनदा दिसतील. कॉन्टॅक्टमध्ये वाढदिवस भरला की आउटलुक त्याची नोंद कॅलेंडरातही आपोआप करते. तुम्ही दोन्ही नेले की एक जुनी आणि एक नवी. गूगलही कॉन्टॅक्टमधून वाढदिवस उचलतो. कॅलेंडरातले काढा, कॉन्टॅक्टमधले ठेवा.

तिथीवरच्या नोंदींचे मात्र कुठलेच सॉफ्टवेअर ऐकत नाही. श्राद्धाची तिथी, गणपती, घरचा कुळाचार यांना पूर्वी कुणी 'दर वर्षी' असे रिपीट लावले असेल तर नव्या पीसीवर नेताना ते मोडूनच टाका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला. जुने रिपीट तसेच गेले तर ऑगस्टमध्येच गुरुजींना फोन जायचा. पंचांग पाहून दर वर्षी नव्याने नोंद करणे, हाच रस्ता. सार्वजनिक सुट्ट्यांचे कॅलेंडर नेऊच नका, नव्या ठिकाणी पुन्हा जोडून घ्या.

## थंडरबर्ड, मॅक आणि नुसता फोन

थंडरबर्डवाल्यांना सगळ्यात सोपे. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डरची जागा दिसते. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर उचला. मेल, ॲड्रेस बुक, कॅलेंडर सगळे त्यातच आहे. फक्त कॉन्टॅक्ट हवे असतील तर ॲड्रेस बुकमधल्या एक्स्पोर्टमधून व्हीकार्ड काढा, कॅलेंडरचे आयसीएस. नव्या पीसीवरचे थंडरबर्ड जुन्यापेक्षा मागच्या आवृत्तीचे नसावे, एवढे पाहा.

मॅकवरून मॅकवर जाताना मायग्रेशन असिस्टंट सगळे नेतो. मॅकवरून विंडोजवर जायचे असेल तर कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सगळी नावे निवडून फाइल, एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट व्हीकार्ड. तिथेच कॉन्टॅक्ट्स अर्काइव्ह असाही पर्याय आहे. तो फक्त मॅकलाच कळतो आणि परत आत घेताना सध्याची यादी पुसून तिच्या जागी बसतो. विंडोजसाठी तो घेऊ नका.

कॉन्टॅक्ट फोनवरच असतील तर अँड्रॉइडच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये एखादे नाव उघडून ते कुठे सेव्ह आहे ते पाहा: गूगल खाते, फोन की सिम. फोन किंवा सिमवरची नावे कॉम्प्युटरवर दिसणार नाहीत. फिक्स अँड मॅनेजमध्ये सिमवरून इम्पोर्ट करायची सोय आहे. सिमवर नाव आणि नंबर याखेरीज फारसे काही मावत नाही, तेव्हा तिथे ईमेल शोधू नका.

## जुना पीसी सुरूच होत नसेल तर

पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असे नव्हे. हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये बसवा आणि नव्या पीसीला जोडा. त्या जुन्या डिस्कवरच्या यूझर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, त्यात आउटलुक फाइल्स. सापडत नसेल तर पूर्ण डिस्कवर पीएसटी शोधा. डिस्क उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ती बिटलॉकरने कुलूपबंद आहे. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, वेबवर लॉग इन करून पाहा.

आयमॅपचे कॉन्टॅक्ट ओएसटीत अडकले असतील तर ही वाट अवघड होते. ओएसटी दुसऱ्या पीसीवर सरळ उघडत नाही. म्हणूनच मशीन चालू आहे तोवर एक्स्पोर्ट करून ठेवावे.

ओएसटी किंवा पीएसटी मोफत बदलून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटवर फाइल चढवू नका. त्या फाइलीत तुमचेच नव्हे, तुमच्या ग्राहकांचे आणि नातेवाइकांचे नंबर-पत्ते असतात.

## जुने मशीन देण्यापूर्वी

दोन्ही पीसी शेजारी ठेवा. कॉन्टॅक्टची एकूण संख्या जुळते का पाहा. मग यादीतून पाच नावे निवडा: एक देवनागरीतले, एक लँडलाइनवाले, एक परदेशी नंबरचे, एक फोटो असलेले आणि एक ज्याच्या नोट्समध्ये तुम्ही काही लिहिले आहे. पाचही नीट असतील तर बाकीची बहुधा नीट आहेत. कॅलेंडरात पुढच्या महिन्यातली एक साधी नोंद, एक दर आठवड्याची आणि एक दिवसभराची, एवढे पाहा. नव्या पीसीवर एक खोटा कॉन्टॅक्ट तयार करून तो फोनवर येतो का हेही बघा. त्यावरून सिंक चालू आहे की नाही ते कळते.

जुने मशीन महिनाभर तरी पुसू नका. जीएसटीची तारीख, विम्याचा हप्ता अशी महिन्यातून एकदा येणारी कामे होऊन जाऊ द्या. राहिलेले काही असेल तर त्यांच्याच वेळी लक्षात येते. मग विंडोजच्या रिकव्हरीमध्ये रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि चेंज सेटिंग्जमध्ये क्लीन डेटा चालू करून पुसा. नुसत्या फाइली डिलीट करून मशीन विकले तर त्या परत काढता येतात.

पीएसटीची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरची सीएसव्ही, डाउनलोड्समध्ये पडलेल्या व्हीसीएफ आणि आयसीएस, स्वतःलाच मेल केलेली यादी, हे सगळे शोधून काढून टाका. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी हाच पेनड्राइव्ह पुढच्या आठवड्यात लागणार असतो.